एकच भाव

दिवाळीत गावाकडं गेलो होतो तेव्हा बाजारातल्या एका जुन्या कापड दुकानाचा फोटो काढला. दुकान बंद पडून बरीच वर्षं झाली. शटर नाहीच, अजून त्या लाकडी फळ्याच आहेत, सकाळी एकेक काढून भिंतीला टेकवायच्या अन् रात्री नंबरावारी परत खाचेत बसवायच्या तसल्या. पण वरचा बोर्ड शाबूत आहे. निळ्यावर पिवळी अक्षरं, अक्षरांना लाल सावली, खाली "लग्नाचा बस्ता बांधण्याचे विश्वसनीय ठिकाण" आणि त्याच्याही खाली "आमची कोठेही शाखा नाही". फोटो शाळेच्या ग्रुपवर टाकला, वर लिहिलं की बघा रे, काय दिवस होते. लगेच बदाम, जोडलेले हात, रडणारी तोंडं, सगळं आलं. कुणाच्या आईचा शालू तिथला, कुणाच्या मुंजीचं सोवळं तिथलं, कुणाला त्या शेठचा आवाज आठवला. रात्री उशिरा एका वर्गमित्राचा मेसेज पडला. "बोर्ड माझ्या बापानं लिहिलेला आहे, झूम करून कोपऱ्यात बघ. दुकानातल्या गादीवर मात्र कधी बसला नाही." त्याच्याखाली कुणीच काही लिहिलं नाही. सकाळी एकानं गुड मॉर्निंगचं फूल टाकलं अन् ग्रुप पुढं गेला.

मी झूम केलं. नाव होतं.

आता हे डोक्यात बसलं ते जाईना. म्हणजे मला ती गादी चांगली आठवते हो, तोच तर प्रॉब्लेम आहे. पांढरीशुभ्र, कडक कांजी केलेल्या चादरीची, मागं लोड, अन् आत पाऊल टाकलं की कोऱ्या कापडाचा तो डोळ्यात चढणारा वास. वडील झेडपीच्या शाळेत मास्तर, त्यामुळं पायरी चढायच्या आत शेठचा आवाज यायचा, "या गुरुजी, बसा. पाणी आण रे." मग थान खाली यायचं, एका झटक्यात उलगडलं जायचं, पट्टीनं मोजून, कात्रीनं जरासं खाचलं की शेठ दोन्ही हातांनी टर्रकन फाडायचे. पट्टी मीटरची होती पण मोजताना सगळे वारच म्हणायचे. आजोबा तर रुपयाला शेवटपर्यंत कलदार, म्हणजे इंग्रजी रुपया, म्हणत राहिले, निजामाचा हाली सिक्का जाऊन किती वर्षं झाली होती तरी. मी गादीवर मांडी घालून बसायचो अन् मला वाटायचं सगळं गावच असं बसतं.

आमचं गाव परभणी जिल्ह्यातलं, मनमाड-सिकंदराबाद लाईनवरचं, तेव्हा मीटरगेज होतं. बनी तो बनी नहीं तो परभणी म्हणतात ना, तशाच चालीनं चाललेलं. एका अंगाला मोंढा म्हणजे शेतमालाचा बाजार, दुसऱ्या अंगाला जिनिंग, मधी बाजार, अन् बाजाराचा सगळा जीव कापसाच्या चुकाऱ्यावर, म्हणजे विकलेल्या कापसाच्या पैशावर. 1972 पासून कापूस एकाधिकार खरेदीत गेला होता, म्हणजे विकायचा तर सरकारसाठी खरेदी करणाऱ्या फेडरेशनलाच. गाड्यांची रांग जिनिंगपासून पार रस्त्यापर्यंत, रात्र रात्र बैल सोडून लोक गाडीखाली झोपायचे, अन् पैसे मात्र हप्त्यानं, कधी येतील त्याचा नेम नाही. चुकारे वाटप सुरू झालं ही बातमी पेपरात यायच्या आधी आम्हा पोरांना कळायची, कारण गावात भोंगा फिरायला लागायचा. सायकल रिक्षा, दोन्ही बाजूला कापडी बोर्ड, वर कर्णा, आत बसलेला माणूस एरवी टॉकीजचा डोअरकीपर. "आपल्या शहरात, आपल्या सेवेत, खास लग्नसराईनिमित्त..." अन् मधेच माईकवर खोकायचा. मागं पत्रकं उडायची. गुलाबी, पिवळी, हिरवी, पतंगाच्या कागदासारखी पातळ, शाई बोटाला लागायची. आम्ही रिक्षामागं पळायचो, एकेकाकडं गड्डी व्हायची. मागची बाजू कोरी असायची ना, वडील त्याच्यावर मला गणितं घालायचे. पावकी-दिडकी एका बाजूला अन् दुसऱ्या बाजूला "साड्यांचे भव्य दालन".

भव्य दालन म्हणजे काय, तर दहा बाय पंधराची खोली.

गंमत अशी की त्या जाहिरातींत सांगण्यासारखं काहीच नसायचं. गावात कापडाची दुकानं किती, भांड्याची किती, कुणाकडं काय मिळतं, कोण मापात मारतो, हे शेंबड्या पोरालाही माहीत. टॉकीजमधी इंटरव्हलला काचेच्या स्लाईडी दाखवायचे, हातानं लिहिलेल्या, कधी उलटी लागायची. अमुक किराणा, प्रोप्रायटर अमुक, फोन नंबर दोन आकडी. नाव पडद्यावर आलं की खालून कुणीतरी ओरडणार, "उधारी कवा देतो?" अन् तो प्रोप्रायटर बाल्कनीत बसलेला असायचा, तो पण हसायचा. "रात्री 9 पर्यंत खुले" अशी स्लाईड अन् सगळ्यांना ठाऊक की हा माणूस सातला मारुतीला जातो तो परत येत नाही. एसटी स्टँडवर तर लई मजा, परभणीकडं जाणारी बस फलाट क्रमांक तीनवर लागलेली आहे, प्रवाशांनी लहान मुलांची काळजी घ्यावी, आणि दागिने घ्यावेत तर अमुक सराफांकडेच. सगळं एकाच सुरात. बस सुटली तरी सराफ चालूच.

आईचं याबाबत एक पक्कं मत होतं अन् अजून आहे. ज्याचं दुकान चालतं त्याला ओरडावं लागत नाही. भोंगा फिरवला म्हणजे एक तर नवा आहे नाहीतर बुडालाय. तिच्या हिशोबात खरी दुकानं म्हणजे ती, जी दिवाळीत कॅलेंडर देतात, पिशवी देतात अन् गप बसतात. कालनिर्णय 1973 ला सुरू झालं, पण आमच्याकडं भिंतीवर दुकानाचंच कॅलेंडर, वर लक्ष्मी नाहीतर बालाजी, खाली ठळक अक्षरात दुकानाचं नाव अन् त्याच्याखाली तारखांचा छोटासा गठ्ठा. ते विकत मिळत नसे. खातं असलेल्यालाच मिळायचं. कुणाच्या घरात किती कॅलेंडरं यावरून त्या घराची पत कळायची, आमच्याकडं तर खिळे कमी पडायचे. बस्त्याची कापडी पिशवी पण तशीच, बंद फाटेस्तोवर माझं दप्तर तीच होती, अन् तिच्यावरचं नाव मी शाळेत मिरवत होतो म्हणजे मी पण एक फिरता भोंगाच झालो की.

आमच्याकडं भांडी घासायला एक मावशी यायच्या. पाडव्याच्या आसपास आईला म्हणायच्या, "काकू, जुनं कालिंडर टाकू नगा हं, मला द्या." त्यांना तारखा नको असायच्या, लक्ष्मी पायजे असायची. त्यांच्या खोलीत मी एकदा गेलो होतो, कशाला ते आठवत नाही, बहुतेक डबा पोचवायला. कुडाची भिंत अन् तिच्यावर आमच्या घरची गेल्या कित्येक सालांची लक्ष्मी ओळीनं, अन् मधल्या फटींना वारा अडवायला चिकटवलेली ती गुलाबी-हिरवी पत्रकं. तेव्हा नुसतं रंगीत वाटलं होतं. आता मित्राच्या मेसेजनंतर ती भिंत परत आठवली तर वेगळंच दिसायला लागलं. त्यांच्याकडं कॅलेंडर कुणी पाठवलं नव्हतं, "या बसा" कुणी म्हटलं नव्हतं, पण पत्रक मात्र त्यांच्या गल्लीत पण उडालं होतं. भोंगेवाला वस्ती बघून थोडाच आवाज बारीक करायचा. "सर्व ग्राहक बंधू-भगिनींना" असं छापलेलं असायचं त्याच्यावर, अन् छापणाऱ्याच्या मनात काही असो, कागदावर सर्व म्हणजे सर्वच.

बाजारभावाची गोष्ट पण हीच. आजोबा सांगायचे, पूर्वी मोंढ्यात सौदा रुमालाखाली व्हायचा. आडत्या अन् खरेदीदार एका रुमालात हात घालणार, बोटं दाबून आकडा सांगणार, अन् ज्याचा माल तो शेतकरी बाजूला उभा राहून दोघांच्या तोंडाकडं बघत राहणार. निजामाच्या राज्यात 1930 साली बाजाराचा कायदा झाला, पुढं महाराष्ट्राचा 1963 चा आला, मग ढिगापाशी उभं राहून सगळ्यांदेखत बोली, हर्राशी. बैलबाजारातला रुमाल मात्र मी माझ्या डोळ्यानं पाहिलाय. अन् आता विचार केला तर कापड दुकानात पण रुमालच होता, फक्त दिसत नव्हता. थानाच्या टोकाला एक चिठ्ठी खोचलेली असायची, तिच्यावर आकडे नाहीत, दोन-तीन अक्षरं. त्या अक्षरांचा अर्थ शेठला माहीत अन् मुनीमला माहीत. मुनीम चिठ्ठी बघायचा, मग गिऱ्हाईकाच्या तोंडाकडं बघायचा, मग भाव सांगायचा. गुरुजींना "घरचा भाव". खेड्यावरून आलेल्याला वेगळा. अन् जो पायरीपाशीच उभा आहे, ज्याला आत घेऊन चार थानं उलगडून दाखवायची नाहीत, त्याला जो सांगितला तोच, घे नाहीतर चल. घासाघीस ही मोठी मजेची गोष्ट म्हणून आपण सांगतो, आईची तर हातखंडा कला होती, उठून दारापर्यंत जायची अन् परत बोलावून घ्यायची. पण घासाघीस करायला आधी बसावं लागतं.

स्टेशन रोडला एक नवीन दुकान निघालं, मी सहावी-सातवीत असेन. त्यानं दारातच भला मोठा बोर्ड लावला, "एकच भाव". प्रत्येक नगाला दोऱ्यानं चिठ्ठी, चिठ्ठीवर आकडा. उभ्यानं बघायचं, काऊंटरच्या अलीकडं सगळेच उभे. गावानं लई टिंगल केली. आई म्हणाली, भाव करायचा नाही तर बाजारात जायचं कशाला, देवळात जावं. अन् मावशी तिसऱ्या दिवशी पोरीला फ्रॉक घेऊन आल्या. आईनं विचारलं केवढ्याला बसला, अन् त्यांनी जो आकडा सांगितला तो ऐकून आई म्हणाली, "महाग दिला, मला विचारायचं होतंस, मी कमी करून दिला असता." मावशी हसल्या नुसत्या. "ऱ्हाऊ द्या काकू. कमिश्नराची बायकू आली तरी तेवढेच देईल न्हवं." (पॅकिंगच्या वस्तूंचं पण तसंच होतं. 1977 च्या नियमानं किंमत छापायला लागली, पण "स्थानिक कर वेगळे" असं बारीक अक्षरात असायचं अन् त्या वेगळ्यात दुकानदार काय वाटेल ते घालायचा. सगळे कर धरून कमाल किंमत छापणं सक्तीचं झालं ते 1990 ला. साबणाच्या वडीवरची ती ओळ कुणी वाचत नाही, पण ती मला एखाद्या आंदोलनाच्या मागणीसारखी वाटते.)

अन् मग सेल. हे बाहेरचे व्यापारी, ट्रक भरून यायचे, मंगल कार्यालय भाड्यानं घ्यायचे. भोंगा तीन रिक्षांवर. "कंपनी बंद पडल्यामुळे", "फक्त तीन दिवस", मग "लोकाग्रहास्तव" आणखी तीन. आमच्या गावातले कापडवाले खवळायचे, नगरपालिकेत तक्रार द्यायचे, पेपरात ग्राहकांनी सावध राहावे असं छापून आणायचे. ते काही अगदी खोटं नव्हतं, रंग जायचा, शिवण उसवायची अन् चौथ्या दिवशी विचारायला जावं तर कार्यालयात कुणाचं तरी साखरपुड्याचं जेवण चालू. पण मी आईचा डोळा चुकवून तिथं गेलो होतो. सतरंज्यांवर ढीग. "कोणतीही घ्या" अशी पाटी अन् एक आकडा. अन् बायका, बापरे, गुडघ्यावर बसून दोन्ही हात कोपरापर्यंत त्या ढिगात घालून साड्या उपसत होत्या, अंगाला लावून बघत होत्या, टाकत होत्या, परत काढत होत्या. मोंढ्यात झाडलोट करणाऱ्या, वीटभट्टीवरच्या, सगळ्या. मावशी पण होत्या. कापडाला हात लावायला कुणाला विचारायचं नव्हतं. त्यांनी तेव्हा एक गुलबक्षी साडी आणली, पहिल्याच धुण्यात बादली गुलबक्षी झाली. आई म्हणालीच, बघ, सांगितलं होतं. मावशी बादलीतून साडी पिळत म्हणाल्या, "जाऊ द्या रंग. म्या निवडली व्हती."

मित्राला शेवटी फोन केला. वाटलं होतं अवघड जाईल, तो मस्त बोलला. त्याच्या वडिलांना मी शाळेच्या वाटेवर रोज बघायचो. भिंतीवर रेघ मारायची म्हणजे दोरी निळीत भिजवायची, दोन टोकांना दोघांनी धरायची अन् मधोमध ओढून सोडायची, फट्ट, सरळ रेघ. दोरीचं एक टोक धरायला ते आम्हा पोरांना द्यायचे अन् आम्ही त्याच्यासाठी भांडायचो. हातात काठी, काठीच्या टोकाला कापडाचा बोळा, त्याच्यावर मनगट टेकवून ब्रश चालायचा. 'श्री' काढताना श्वास रोखायचे. सरकीचं बियाणं, युरिया, बिडी, दंतमंजन, दुकानं, ट्रकचे नंबर, सगळं गाव त्यांच्याच अक्षरात. अन् 78 साली जुलैमध्ये विधिमंडळात मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचा, नामांतराचा ठराव झाला, मराठवाडा पेटला, आमच्यापेक्षा मोठी पोरं सांगतात की तेव्हापासून 94 च्या जानेवारीत नाव लागेपर्यंत कित्येक रात्री त्याच भिंतींवर त्याच हातानं दुसरं काही लिहिलं जायचं. सकाळी लोक नुसतं अक्षर बघून ओळखायचे कुणी लिहिलंय. मित्र म्हणाला, "अरे ळ काढायचा ना तो, दुसऱ्या कुणाला यायचाच नाही तसा. चोरून लिहायला गेला तरी ळ पकडून द्यायचा." हसला. मी पण हसलो.

मग शेठबद्दल विचारलं. तो म्हणाला शेठ वाईट नव्हता रे. बोर्डाचे पैसे अर्धे रोख अन् अर्धे कापडात, पण कापड चांगलं द्यायचा. चहा पाठवायचा. चहा शिडीवर पाठवायचा. वडील शिडीवरच बसून प्यायचे, घरी येऊन सांगायचे की शेठनं आज दोनदा चहा पाजला. मी काहीच बोललो नाही तर तोच पुढं म्हणाला, अजून एक सांगतो, वस्तीत कुणी मेलं ना, रात्री दोनला फळी वाजवली तरी शेठ उठायचा. कंदील घेऊन खाली यायचा, मयताचं कापड फाडून द्यायचा, वर एक शब्द नाही. मयताच्या कापडाला भाव करत नसतात. त्याला मुनीमची चिठ्ठी लागत नव्हती, जो भाव मारवाड्याला तोच आम्हाला. "एकच भाव," तो म्हणाला, अन् असा म्हणाला की टोमणा होता का कौतुक ते मला अजून ठरवता आलेलं नाही. त्याला तरी ठरवता आलंय का देव जाणे. त्याच्या वडिलांचं काम फ्लेक्स आल्यावर दोन-तीन वर्षांत संपलं, शेठच्या पोरांनी पुण्यात फ्लॅट घेतले, दोघांचाही धंदा एकाच सुमारास बसला.

आता गावात बायपासला मोठं एसी मार्ट झालंय. त्याची जाहिरात मोबाईलवर येते, ज्याच्या त्याच्या मोबाईलवर वेगळी येते म्हणे, आईला डाळीची अन् भाचीला लिपस्टिकची. म्हणजे तोंड बघून भाव नसंल पण तोंड बघून पत्रक सुरू झालं. आई तिथं जात नाही, तिला उभं राहवत नाही. मावशी सत्तरीच्या पुढं गेल्या पण नातवाला घेऊन दर आठवड्याला जातात. ट्रॉली घेतात, सगळ्या ओळींतून फिरतात, प्रत्येक डब्याला हात लावतात, गार हवा खातात अन् बहुतेक वेळा काही न घेताच बाहेर येतात. दारावरचा वॉचमन पिशवी उघडून बघतो त्याचं त्यांना काही वाटत नाही, सगळ्यांचीच बघतो म्हणतात. या दिवाळीत मी पण त्यांच्यासोबत होतो. त्यांनी चहाची गाळणी घेतली, रांगेत उभ्या राहिल्या, नंबर आल्यावर काऊंटरवरच्या पोरीनं वर न बघता मोबाईल नंबर विचारला. मावशींनी गाळणी परत आपल्याकडं ओढली.

"लंबर कशाला पायजे गं तुला? भाव लिव्हलाय की ह्याच्यावर. पैशे घे अन् सोड मला."